भावाची चिठ्ठी

आमच्या दुकानातल्या प्रत्येक थानाला एक चिठ्ठी टाचलेली असायची आणि तिच्यावर आकडा नसायचा. तीन-चार अक्षरं असायची. गिऱ्हाईक शिकलेलं असलं तरी त्याला त्यातून काही कळायचं नाही, कारण ती अक्षरं म्हणजे आमचा खरेदीचा भाव. कापडवाल्यांचा हा जुना रिवाज. दहा अक्षरांचं एक वाक्य घ्यायचं, एकही अक्षर दुबार येऊ द्यायचं नाही. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, दहावं म्हणजे शून्य. बहुतेक घरं देवाचं नाव गुंफून ते वाक्य बनवत. आमच्या घरचं वाक्य काय होतं ते सांगत नाही, भाऊ अजून त्याच दुकानात बसतो. चिठ्ठीवर नजर टाकली की गादीवरच्या माणसाला कळायचं, माल नागपूरच्या गांधीबागेतून कितीला उचललाय आणि कुठवर खाली यायला हरकत नाही. विक्रीचा भाव मात्र चिठ्ठीवर नसायचाच. तो समोरच्याच्या चेहऱ्याकडं, पायांकडं आणि सोबत आलेल्या बायकोकडं पाहून ठरायचा.

गोंडपिपरी म्हणजे चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत आष्टीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा, दुसऱ्या अंगाला वर्धा ओलांडली की तेलंगणा. दुकानात मराठी, तेलुगू आणि गोंडी तिन्ही भाषा चालत. आमचे बाबूजी दुकान सांभाळून ढाबा, भंगाराम तळोधी असे आठवडी बाजारही करत. बंडीत लुगडी, धोतरं, मांजरपाट, लंकलाट आणि छिटाचे गठ्ठे, वर ताडपत्री, आणि मापायला लोखंडी गज. धान घरात आलं की कास्तकाराचा हात सुटायचा आणि आमचा हंगाम सुरू व्हायचा. नदीपलीकडचा तेलुगू शेतकरी घासाघिशीत पक्का. तो थान उलगडायला लावायचा, काठ उन्हात धरून पाहायचा, तीनदा उठून जायचा, तीनदा परत यायचा. जंगलाच्या अंगानं आलेला गोंड माणूस "भाव सांगा जी" म्हणायचा, आणि सांगितला तेवढा द्यायचा किंवा न बोलता पुढं निघायचा. अशा माणसाला बाबूजी आधीच कमी सांगत, असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आठवडी बाजाराच्या मोकळ्या हवेचं आणि घासाघिशीच्या गोडव्याचं कौतुक करणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. ते लिहिणारे बहुधा घेणारे असतात, तेही हौसेनं घेणारे. विकणाऱ्याच्या बाजूनं बसलं की घासाघीस वेगळी दिसते. ज्याला बोलता येतं, हिशेब येतो, आज नाही तर पुढच्या बाजारी घेईन असं म्हणता येतं, त्याला माल स्वस्त पडतो. ज्याला यातलं काही येत नाही, त्याच्याकडून ते नुकसान भरून निघतं. चारोळीच्या बदल्यात तेवढंच मीठ मोजून देणारे व्यापारी आमच्या भागात होऊन गेले, हे जुनी माणसं अजून सांगतात. त्या सौद्यात लबाडीचं माप लागत नव्हतं. पारडं दोन्हीकडं सारखंच असायचं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी 2013 च्या हिवाळ्यात मुंबईची मोठी बाजारपेठ पाहायला गेलो. मुलगी फोर्टात नोकरीला होती. वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेस धरली. "बाबा, चौपाटी बघू, राणीची बाग बघू," ती म्हणाली. मी म्हटलं, मला हॉर्नबी रोड दाखव. तिला हे नाव माहीत नव्हतं. नवं नाव दादाभाई नौरोजी मार्ग, आणि ती रोज त्याच रस्त्यानं ऑफिसला जात होती.

क्रॉफर्ड मार्केटपासून बोरीबंदरवरून फ्लोरा फाउंटनपर्यंत एवढाच हा रस्ता, रमतगमत गेलं तरी तास लागत नाही. मुंबईचा किल्ला होता तेव्हा त्याचा पश्चिमेकडचा तट याच अंगाला होता. 1862 ते 1867 या काळात सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत तट पाडले, खंदक बुजवले आणि गावाला पसरायला जागा मिळाली. 1771 ते 1784 पर्यंत गव्हर्नर राहिलेल्या विल्यम हॉर्नबीचं नाव या रस्त्याला दिलं. एकोणिसावं शतक सरता सरता इथं एकाला लागून एक दगडी इमारती उठल्या. 1896 मध्ये एक नियम झाला: या रस्त्यावर जो बांधेल त्यानं तळमजल्याला कमानींचा पादचारी मार्ग सोडलाच पाहिजे. म्हणून आजही इमारत कुठल्याही घाटाची असो, खालून तुम्ही सावलीतून चालत राहता. वर मनोरे, जाळ्या, घुमट, दगडात कोरलेली पानंफुलं, आणि खाली सलग कमानी. ऊन आणि पाऊस चुकवत गिऱ्हाइकानं एका दुकानातून दुसऱ्यात जावं, मधे काचेत मांडलेला माल पाहत राहावं, असा तो बेत होता.

काचेत माल मांडायचा आणि मालाला आकडा लावायचा, या दोन गोष्टी या रस्त्यानं मुंबईच्या दुकानदारीत रुजवल्या. आमच्याकडं माल गादीमागं असतो. गिऱ्हाईक मागेल ते काढून द्यायचं. न मागितलेलंही काढायचं, पण दुकानदारानं. इथं माल रस्त्याकडं तोंड करून उभा, आणि भाव आधीच लिहिलेला. व्हाइटअवे लेडलॉ हे त्यातलं एक बडं दुकान. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश माणसानं 1882 मध्ये कलकत्त्यात ही पेढी काढली आणि कोलंबो, सिंगापूरपर्यंत शाखा नेल्या. त्याचा नियम म्हणे साधा होता: ठरलेला भाव आणि रोख पैसा. उधारी नाही. गोऱ्या साहेबांनाही सवय उधारीचीच होती, महिनाअखेर बिल चुकवायची. त्यामुळं या दुकानाच्या रोखठोकपणाची चेष्टा त्यांच्यातच चालायची. माझ्यासारख्या माणसाला यात चेष्टेसारखं काही दिसत नाही. ज्याच्या वहीत धान निघेपर्यंतची उधारी चढलेली असते, त्याला रोखीच्या दुकानाचा हेवाच वाटतो.

पुढं काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स. मूळ संस्था लंडनची, लष्करी अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेली सहकारी सोसायटी. 1891 मध्ये तिचं मुंबईचं दुकान निघालं. हिचा जाडजूड कॅटलॉग प्रसिद्ध होता. तंबू, बूट, डबाबंद खाणं, बंदुकीची काडतुसं, बायकांचे झगे, सगळं चित्रासह आणि किमतीसह. टपाल खात्यानं 1877 मध्ये व्हीपी सुरू केली होती, म्हणजे पार्सल आलं की पोस्टात पैसे भरून सोडवायचं. आता विचार करा, आलापल्लीच्या जंगलात सागाचे कूप मोजत बसलेला एखादा गोरा फॉरेस्ट ऑफिसर, पावसाळ्यात चार महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला, बंगल्याच्या व्हरांड्यात कंदिलाशी तो कॅटलॉग चाळतोय. आमच्या भागातून हॉर्नबी रोडच्या बाजारात पहिली खरेदी कुणी केली असेल तर अशाच माणसानं. त्याला भाव विचारावा लागला नाही आणि मुंबईला जावंही लागलं नाही. आज पोरं मोबाइलवर बूट मागवतात आणि पार्सल दारात आलं की पैसे देतात, तेव्हा मला ती व्हीपी आठवते.

काळ्या घोड्याला मी गेलो तेव्हा घोडा नव्हता. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला होता. नवा, स्वार नसलेला घोडा बसला 2017 मध्ये. मधली पन्नासएक वर्षं लोक नसलेल्या घोड्याच्या खुणेवर पत्ते सांगत होते. आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीत आता टाटांच्या वेस्टसाइडचं दुकान आहे. आत कपड्यांच्या रांगा, प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. कुणी कुणाला भाव विचारत नव्हतं.

या सगळ्या दगडाला पैसा कुठून आला, हे पाहायला तिथून फार लांब जावं लागत नाही. टाउन हॉलसमोरचं हॉर्निमन सर्कल म्हणजे जुनं एल्फिन्स्टन सर्कल, आणि त्याच्याही आधी बॉम्बे ग्रीन हे मोकळं मैदान. या मैदानावर कापसाच्या गाठींचे ढीग लागत. 1844 मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला आणि नंतर तिथं गोलाकार, एका घाटाच्या कमानदार इमारती बांधल्या. अमेरिकेतल्या यादवीत, 1861 ते 1865 मध्ये, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच बाजार कोसळला, प्रेमचंद रायचंदसारखे सट्ट्याचे राजे बुडाले, पण रस्ते, इमारती आणि रेल्वे मागं राहिली.

त्या कापसातला चांगला कापूस आमच्या वर्धा खोऱ्यातला होता. हिंगणघाटच्या बनी कापसाचा धागा लांब आणि मऊ म्हणून नावाजलेला. 1867 मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत आली. पुढं फाटा वरोऱ्यापर्यंत आला. याच सुमाराला मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा कॉटन कमिशनर नेमलेला होता. कापसाच्या मुलखात रेल्वेचा फाटा गेला तर काय होईल, याचा त्यानं 1869 च्या आसपास लिहिलेला हिशेब मी पुन्हा पुन्हा वाचलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रेल्वेनं विलायती कापड इतकं स्वस्त येईल की गावठी कापड टिकणार नाही. मग इथं सुतात खर्च होणारा कापूस बाहेर पाठवता येईल, आणि सूत काढणारे-विणणारे लोक शेतमजुरीला मोकळे होतील. हे त्यानं भीती म्हणून लिहिलेलं नाही. हा फायद्याचा अंदाज आहे, आणि फायदा कुणाचा हे सांगायची त्याला गरज वाटलेली नाही.

चांद्याकडं, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडं, रेशीमकाठी लुगडी विणली जात, कोसा निघत असे, गावोगाव मागवाले होते. त्यांचं पुढं काय झालं ते आमच्या घराच्या इतिहासातच आहे. आमचे पणजोबा विणकरांकडून माल घेऊन विकत. आजोबांच्या गठ्ठ्यात गिरणीचा माल जास्त. बाबूजींच्या काळात हातमागाचं लुगडं लग्नाच्या बस्त्यापुरतं उरलं. पेढी तीच राहिली, फक्त माल येण्याची वाट बदलली, म्हणून आम्ही टिकलो. विणकर टिकले नाहीत.

या रस्त्याला पुढं दादाभाईंचं नाव दिलं, त्यामागं कुणाच्या मनात काय होतं कोण जाणे, पण नाव चपखल बसलं. दादाभाई स्वतः व्यापारी. 1855 मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले, अफू-दारूचा नफा नको म्हणून बाहेर पडले, आणि 1859 मध्ये स्वतःची कापसाची पेढी काढली. मग आयुष्यभर त्यांनी हिशेब मांडला तो हिंदुस्थानातून इंग्लंडला वाहून जाणाऱ्या संपत्तीचा. 1901 चं त्यांचं जाड पुस्तक म्हणजे एका कापूस व्यापाऱ्यानं लिहिलेली देशाची खतावणी आहे. विद्वान त्यात सिद्धांत पाहतात. मला त्यात जमा-नावे दिसतं, आणि पान उलटलं की नावेची बाजू वाढत गेलेली दिसते.

1905 मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. 31 जुलै 1921 ला परळमध्ये, उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, गांधीजींच्या उपस्थितीत त्याहून मोठी झाली. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला बाबू गेनू हा गिरणी कामगार चिरडून मेला. शाळेत हे सगळं शिकलो होतो. पण हॉर्नबी रोडवर उभं राहिलं की कळतं, यातली मुंबईची ठिकाणं या काचांपासून किती जवळ आहेत. काळबादेवी तर पायी जाण्याच्या अंतरावर.

आता आमच्याकडची गोष्ट. गोंडपिपरीच्या उत्तरेला, मूल-गडचिरोली रस्त्यावर, सावली आहे. चरखा संघाच्या काळापासून सावलीची खादी नावाजलेली. 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीला भरलं आणि गांधीजी तिथं येऊन राहिले. देशातली मोठमोठी माणसं त्या आडगावात जमली. आमच्या भागात या गोष्टीचा उल्लेख आजही अभिमानानं होतो, पण तिथं बोलणं कशावर झालं हे फार कुणी सांगत नाही. खादीपुढचा तेव्हाचा जळता प्रश्न मजुरीचा होता. काही महिन्यांआधी, 1935 च्या ऑक्टोबरात, चरखा संघानं वर्ध्याला ठराव केला होता की सूत काढणाऱ्या बाईला पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. गांधीजींना आठ तासांच्या कामाचे आठ आणे हवे होते. तेवढं एकदम झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून कमीपासून सुरुवात झाली. पण त्यानंही खादी महाग झाली. विकणारे कार्यकर्ते कुरकुरले, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. गांधीजींनी ऐकलं नाही.

दुकानदार म्हणून मला ही हिशेबाची पद्धत चमत्कारिक वाटते आणि तिचा आदरही वाटतो. आम्ही भाव वरून ठरवतो: गिऱ्हाईक किती देईल, त्यातून आपला नफा काढा, उरेल त्यात माल कुठून मिळतो ते शोधा. विणणारा सगळ्यात शेवटी. या लोकांनी भाव खालून ठरवला. आधी चरख्यावरच्या बाईचे आणे, मग विणकर, मग धोबी-रंगारी, मग वाहतूक, आणि शेवटी जो आकडा येईल तो भाव. परवडत नसेल तर घेऊ नका. धंदा म्हणून हे चालणं अवघड, आणि खादीला पुढं सरकारी टेकू लागलाच. पण मी तरी कापडाच्या भावाचा असा हिशेब दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

आणि ही खादी मुंबईत येऊन थांबली कुठं, तर व्हाइटअवे लेडलॉच्या इमारतीत. साहेबांचं ते दुकान उठलं आणि तिथं खादी भांडार आलं. मी गेलो तेव्हा ते चालू होतं. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, काचेची लाकडी कपाटं, आणि काउंटरमागं आपल्या वेगानं चालणारी माणसं. मी सवयीनं थानाचा पदर चिमटीत धरला, उजेडात ताणून पाहिला, कडेचे धागे मोजले. विकणारे गृहस्थ साठीला टेकलेले. त्यांनी विचारलं, "कापडाच्या लाइनीत आहात का?" मी म्हटलं, "हो जी, चंद्रपूरकडला." मग त्यांनी न मागता आणखी तीन थानं काढली. बिल एकानं हातानं लिहिलं, पैसे दुसऱ्यानं घेतले, माल तिसऱ्यानं दिला. मुलगी कंटाळली होती. सदऱ्याचं कापड घेतलं. भाव छापलेला होता, कमी करायला मी सांगितलं नाही. "रिबेट केव्हा असते?" एवढं मात्र विचारलं. गांधी जयंतीला या, असं उत्तर मिळालं.

आमच्या गोंडपिपरीत ठरलेला भाव खादीनं आणला नाही आणि हॉर्नबी रोडनंही नाही. तो लढाईनं आणला. 1943 मध्ये सरकारनं कापड नियंत्रणाचा हुकूम काढला आणि गिरणीला थानावरच किरकोळ विक्रीचा भाव छापावा लागला. बाबूजी तेव्हा पोरसवदा होते, पण कंट्रोलच्या गोष्टी ते मरेपर्यंत सांगत. कापड मिळेनासं झालं. मयताला कफन मिळवायला चिठ्ठी आणावी लागायची. आणि पहिल्यांदाच गिऱ्हाईक थानाच्या काठावर बोट ठेवून म्हणायला लागलं, इथं तर एवढेच लिहिलेत. बाबूजींना तो अपमान वाटायचा. वाचता न येणाराही तो छाप दाखवून दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. अर्थात छापलेल्या भावानं माल मिळत नव्हता, काळ्या बाजारात मिळत होता. पण आकडा एकदा कापडावर उमटला तो उमटला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मीटर सक्तीचा झाला आणि लोखंडी गज माळ्यावर गेला. 1990 च्या सुमाराला सगळ्या पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापायची सक्ती झाली. आज आमच्या तालुक्यातलं शेंबडं पोट्टंही बिस्किटाचा पुडा उलटा करून एमआरपी बघतं. थानाचं कापड तेवढं या नियमातून निसटलं, म्हणून आमच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या टिकल्या.

हुतात्मा चौकात, म्हणजे फ्लोरा फाउंटनपाशी, थोडं थांबलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी इथं गोळ्या चालल्या त्या 21 नोव्हेंबर 1955 ला आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. बाबूजी सरकारी कामाला, बाजाराला आणि दवाखान्याला नागपूरलाच जात. वर्षभरानं मुंबई ही आमचीही राजधानी झाली, पण खरेदीच्या नकाशात ती कधी आली नाही. गोंडपिपरीच्या माणसाला बस्ता बांधायला चंद्रपूर, हौस असेल तर नागपूरची इतवारी, आणि सीताबर्डी नुसती फिरायला. मुंबईचं कापड आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विकलं, मुंबईची दुकानं मात्र टीव्हीतच पाहिली.

संध्याकाळी मुलीनं हॉर्निमन सर्कलला नेलं. जिथं कापसाच्या गाठी पडायच्या, तिथल्या कमानींखाली 2011 पासून एर्मेस या फ्रेंच कंपनीचं दुकान आहे. ही पेढी 1837 मध्ये पॅरिसात घोड्यांचं सामान करण्यापासून सुरू झाली आणि 1937 पासून तिचे रेशमी चौकोनी रुमाल जगभर जातात. काचेमागची मांडणी नाटकाच्या नेपथ्यासारखी होती, आणि आकडा कुठंच नव्हता. मी दोनदा वाकून पाहिलं. शंभर वर्षं या रस्त्यांनी ज्याला ज्याला आकडा लावला, तो आकडा अगदी वरच्या पायरीवर पोचल्यावर पुन्हा गायब झाला होता.

"आत चला ना बाबा, बघायला पैसे लागत नाहीत."

दारावरच्या माणसानं अदबीनं दार उघडलं. माझ्या पायात चपला होत्या. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं नाही, हे त्याचं शिक्षण चांगलं झाल्याचं लक्षण. आतल्या मुलीनं हातमोजे घालून एक रुमाल उलगडला. हात-दीड हाताचा नव्हता, चांगला नव्वद सेंटिमीटरचा चौरस. मी विचारून बोट लावलं. वजनदार रेशीम, छपाईत एकही रंग दुसऱ्यात सांडलेला नाही. कडा पाहिली आणि मान डोलावली. मशीनची टीप नव्हती, कापड बारीक गुंडाळत नेऊन हातानं टाके घातलेले, आणि चारी बाजूंचे टाके एका जातीचे. असं काम करणाऱ्या बाईला किंवा बुवाला दिवसाचे किती मिळत असतील, हा प्रश्न डोक्यात आला. विचारला नाही. भाव मात्र माझ्या मुलीनं विचारला. दुकानातल्या मुलीनं तो हळू आवाजात, जवळजवळ कानात सांगितला. तेवढ्यात आमच्या दुकानात एका साध्या लग्नाचा बस्ता निघतो. रुमाल परत घडी होताना माझी नजर उगाच कोपऱ्यात चिठ्ठी शोधत होती.

परत बोरीबंदरकडं आलो तेव्हा कमानी खचाखच भरल्या होत्या. 1896 मध्ये ज्या सावलीची सक्ती झाली, तिच्यात आता पट्टे, पाकिटं, मोबाइलची कव्हरं, चष्मे आणि जुनी पुस्तकं. मागं दगडी दुकान, त्यात ठरलेला भाव. पुढं पथारी, तिच्यावर न ठरलेला. दोन्ही धंदे एकमेकांना पाठ लावून चालतात आणि गिऱ्हाईक मधून वाट काढत जातं. एका कॉलेजातल्या पोरीनं कानातल्यांचा भाव निम्म्यावर आणला, तेवढ्यावरही नाक मुरडून ती चार पावलं चालत गेली आणि हाक येताच वळली. नदीपलीकडच्या आमच्या तेलुगू गिऱ्हाइकाला तिनं सहज हरवलं असतं.

मलाही पट्टा घ्यायचा होता. पथारीवाल्यानं साडेतीनशे सांगितले.

मी पट्टा दुमडला, आतली बाजू नखानं खरवडली, बकलाची रिव्हेट हलवून पाहिली. "नब्बे."

"चाचा, नब्बे में तो खरीदी भी नहीं है."

"खरीदी पचहत्तर की है," मी म्हटलं. मुलगी दोन पावलं बाजूला सरकली, आमची ओळख नसल्यासारखी.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "दुकान है क्या आपकी?"

एकशे वीसला तुटलं. पैसे घेऊन त्यानं नोट कपाळाला लावली, संध्याकाळचे सात वाजून गेले होते तरी बोहनीसारखी.